महेश्वरी नऊवारीचे एक प्रकरण: इंदूरचे घरगुती ऑनलाइन दुकान आणि ग्राहक कायदा

पुण्यातील एका महिलेने मुलीच्या लग्नातील सीमांतपूजनासाठी इंदूरच्या एका घरगुती संकेतस्थळावरून १२,८०० रुपयांची महेश्वरी नऊवारी मागवली. साडी वेळेवर पोहोचली, रंग छायाचित्रात दिसत होता तसाच होता आणि वीणही सुबक होती. तरीही चार महिन्यांनी त्या साडीची तक्रार पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगासमोर दाखल झाली, आणि दोन जावांनी मिळून चालवलेल्या त्या दुकानाला आपल्या संकेतस्थळावरील एकेका ओळीचा हिशेब द्यावा लागला. मी इंदूरमध्ये लहान व्यावसायिकांना कर, परवाने आणि नोंदण्यांच्या बाबतीत सल्ला देतो. आयोगाची नोटीस घेऊन त्या दोघी आल्या तेव्हा लेखी उत्तराच्या मुदतीतले जेमतेम तीन आठवडे उरले होते. ओळख पटेल असे तपशील मी येथे गाळले आहेत.

व्यवसाय आणि व्यवहार

रामबाग भागातील या घरात साड्यांचा व्यवसाय बऱ्याच वर्षांपासून आहे. थोरल्या जाऊबाई खरेदी पाहतात. इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटरवर, नर्मदेच्या काठी असलेल्या महेश्वरला त्या स्वतः जात, विणकरांच्या घरी बसून माल निवडत आणि गणपती-दिवाळीच्या सुमारास मराठी कुटुंबांत प्रदर्शन भरवून विकत. तिथे साडी उलगडली जात असे. गिऱ्हाईक पदर हातात घेऊन पाहत असे, लांबी समोर मोजून घेत असे आणि ‘ही गर्भरेशमी आहे, ही पूर्ण रेशमी आहे’ हा फरक (गर्भरेशमीत ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमाचे आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, सुताचे असतात) थोरल्या जाऊबाई तोंडी समजावून सांगत. कोविडच्या काळात प्रदर्शने बंद पडली तेव्हा विक्री व्हॉट्सअ‍ॅपवर गेली, पुढे पुतण्याने संकेतस्थळ उभारून दिले आणि त्यानंतर एका मोठ्या मार्केटप्लेसवरही दुकान उघडले गेले. धाकट्या जाऊबाईंकडे छायाचित्रे, पॅकिंग आणि मोबाइल आला. प्रदर्शनात तोंडी दिली जाणारी माहिती मात्र संकेतस्थळावर कुणी लिहिलीच नाही. तिच्या जागी पुतण्याने दुसऱ्या एका दुकानाच्या पानावरून उचललेला मजकूर आला.

वादातील साडीखाली पुढील वर्णन होते: ‘अस्सल महेश्वरी, शंभर टक्के शुद्ध रेशीम, हातमाग, जीआय प्रमाणित, नऊ वार.’ त्याखाली ‘फक्त २ नग शिल्लक’ असे लिहिलेले होते आणि शेजारी दहा मिनिटांचे उलटे घड्याळ चालत होते, जे पान पुन्हा उघडले की पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू होई. पैसे भरण्याच्या पानावर ९९ रुपयांच्या भेट-वेष्टनासमोर आधीच खूण केलेली होती. ग्राहकबाईंनी यूपीआयने रक्कम भरली. ती घरातील एका पुरुषाच्या वैयक्तिक खात्यात जमा झाली. पार्सलमध्ये आभारपत्र होते, बिल नव्हते.

साडी नेसून पाहताना काष्टा नीट बसेना, म्हणून ती फीतपट्टीने मोजली गेली, लांबी ७.६ मीटर भरली. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर होतात, म्हणजे साडी सव्वाआठ वारांच्या आसपास होती. सहावारीत हातभर कमी-जास्त झाले तर निऱ्या दोन कमी घालून भागते, पण नऊवारीत साठ सेंटिमीटरची तूट म्हणजे काष्टा किंवा पदर यांपैकी एक गमावणे होय, आणि ग्राहकबाई उंच होत्या. त्यांच्या आईने मग पदराच्या टोकाचे धागे काढून जाळून पाहिले. उभ्या धाग्याला केस जळल्याचा वास आला आणि त्याची राख बोटांत कुस्करली गेली. आडव्या धाग्याला कागद जळल्याचा वास आला. उभे धागे रेशमाचे आणि आडवे धागे सुताचे होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिले: ‘ताई, साडी सुंदर आहे, पण नऊ वार भरत नाही आणि बाणाही सुती आहे. परत घेता का? लग्न तीन आठवड्यांवर आहे.’ घरात सण होता, ऑर्डरींची गर्दी होती, उत्तर राहून गेले. अकरा दिवसांनी धाकट्या जाऊबाईंनी कळवले: ‘काकू, एकदा विकलेला माल आम्ही परत घेत नाही, साइटवर तसे लिहिले आहे.’ तोपर्यंत पुण्यात दुसरी साडी विकत घेऊन झाली होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली गेली. तिचीही दखल घेतली गेली नाही, आणि शेवटी ग्राहकबाईंनी ई-जागृती पोर्टलवरून आयोगाकडे तक्रार दाखल केली. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नसते, त्यामुळे त्यांना ती दाखल करायला वकिलाची किंवा मोठ्या खर्चाची गरज पडली नाही.

‘न्यायक्षेत्र फक्त इंदूर’

दोघी जावांचा पहिला प्रश्न असा होता की संकेतस्थळावर ‘सर्व वाद फक्त इंदूरच्या न्यायालयात’ असे स्पष्ट लिहिलेले असताना पुण्याची नोटीस कशी आली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ मध्ये याचे उत्तर आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा प्रत्यक्ष काम करून उपजीविका करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तो तक्रार करू शकतो. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती आणि विक्रेत्याच्या गावी किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले तिथे जावे लागे. इंटरनेटवरच्या विक्रीत या एका बदलाने सारी बाजू पालटली आहे. जिथे जिथे पार्सल जाते, तिथे तिथे उत्तर देण्याची तयारी ठेवावी लागते, हे संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेल्या अटीने टळत नाही.

घरात असाही सूर होता की नोटिशीकडे दुर्लक्ष करावे, पुणे लांब आहे. मला या प्रकरणातला हा सर्वांत धोक्याचा क्षण वाटतो. विरुद्ध पक्षाने नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत आपले म्हणणे लेखी मांडायचे असते आणि आयोग ती मुदत फार तर आणखी १५ दिवसांनी वाढवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे की या ४५ दिवसांपलीकडे एकही दिवस देण्याचा अधिकार आयोगाला नाही. मुदत गेली की विक्रेत्याचे म्हणणे कितीही खरे असले तरी ते लेखी उत्तर म्हणून स्वीकारले जात नाही आणि ग्राहकाच्या पुराव्यावर प्रकरण पुढे जाते. म्हणून पहिले काम उत्तर तयार करण्याचे होते, आणि त्यासाठी वर्णनातला प्रत्येक दावा कागदावर तपासणे आवश्यक होते.

वर्णनातील दावे

‘शंभर टक्के शुद्ध रेशीम’ हा दावा खोटा होता, याबद्दल तपासाअंती शंका उरली नाही. प्रकरण ताणले असते तर कलम ३८ प्रमाणे आयोगाने साडीचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवला असता आणि प्रयोगशाळेला ४५ दिवसांत अहवाल द्यावा लागला असता. तो अहवाल काय येणार हे थोरल्या जाऊबाईंनी दुसरा नग हातात घेताच सांगितले. रेशमी ताणा आणि सुती बाणा ही महेश्वरची नावाजलेली वीण आहे. साडी हलकी राहते, उन्हाळ्यातही अंगाला सोसते आणि तरी रेशमाची झळाळी देते, ती या वीणीमुळेच. म्हणजे जे विकले ते उत्तम होते, आणि त्याचे खरे वर्णन केले असते तर जाणकार मराठी गिऱ्हाईकाने ते त्याच नावाने मागून घेतले असते. उसन्या मजकुराने गर्भरेशमी साडीला शुद्ध रेशमाचे नाव दिले आणि चांगल्या मालाला कायद्याच्या दृष्टीने सदोष ठरवले. वस्तूचे स्वरूप, घटक, प्रमाण किंवा दर्जा यांबाबत चुकीचे वर्णन करणे ही २०१९ च्या कायद्याप्रमाणे दिशाभूल करणारी जाहिरात ठरते आणि अनुचित व्यापारी प्रथाही ठरते. विक्रेत्याचा हेतू फसवण्याचा होता की नव्हता, याने त्यात फरक पडत नाही. एका ग्राहकाच्या तक्रारीपलीकडे जाऊन केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही अशा जाहिरातीची दखल घेऊ शकते, आणि त्याला पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे.

‘अस्सल महेश्वरी’ आणि ‘जीआय प्रमाणित’ हे शब्द अधिक गुंतागुंतीचे निघाले. महेश्वरच्या साड्या आणि कापड यांना भौगोलिक उपदर्शन (जीआय), म्हणजे ठरावीक प्रदेशाशी जोडलेले मालाचे नाव, म्हणून नोंदणी मिळालेली आहे आणि १९९९ च्या संबंधित कायद्याप्रमाणे ते नाव वापरण्याचा हक्क नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यांचा, म्हणजे प्रामुख्याने तिथल्या उत्पादकांचा आहे. यावरून अनेक विक्रेत्यांना भीती वाटते की स्वतःची नोंदणी नसेल तर ‘महेश्वरी’ हा शब्दच लिहिता येणार नाही. तसे नाही. कायद्याच्या कलम २२ च्या चौथ्या पोटकलमात पुनर्विक्रेत्यासाठी वाट ठेवलेली आहे: नोंदणीकृत उपदर्शनाचा माल कायदेशीररीत्या खरेदी केला असेल आणि नंतर त्याची प्रत बिघडवली नसेल, तर त्याची पुढची विक्री किंवा वेष्टन हा हक्कभंग होत नाही. मात्र या वाटेवरून जाणाऱ्याला ‘कायदेशीररीत्या खरेदी केला’ हे दाखवता आले पाहिजे. शिवाय ‘जीआय प्रमाणित’ असे लिहिले की आपल्याच दुकानाला कुणी प्रमाणपत्र दिले आहे असा अर्थ निघतो, आणि ते या ठिकाणी साफ असत्य होते.

हे दोन नग महेश्वरहून आलेलेच नव्हते. हंगामात माल कमी पडला तेव्हा ते इंदूरच्या कापड बाजारातील एका व्यापाऱ्याकडून घेतले गेले होते. त्याने ‘माल महेश्वर का ही है, दीदी’ असे सांगितले आणि बिलावर फक्त ‘साड़ी, नग २’ असे लिहिले. वीण, काठ आणि पदरावरचे पट्टे पाहता थोरल्या जाऊबाईंना साडी महेश्वरचीच वाटते आणि त्यांच्या नजरेवर मी विश्वास ठेवीन; परंतु आयोग नजरेवर निकाल देत नाही. ‘हातमाग’ या शब्दाचेही तसेच. यंत्रमागावर नक्कल केलेल्या साड्या बाजारात इतक्या आहेत की १९८५ च्या कायद्याने काही साड्या हातमागासाठी राखीव ठेवाव्या लागल्या आणि २००६ पासून हातमागाचे स्वतंत्र चिन्ह द्यावे लागले. चिन्ह नाही, विणकराचे बिल नाही, अशा स्थितीत दावा खरा असूनही सिद्ध न होण्याची वेळ या दुकानावर आली. खऱ्या विणकराचेही यात नुकसान आहे, कारण त्याच्या मालाला जे वेगळेपण कायद्याने दिले ते विक्रीच्या साखळीत एका बिनतपशिलाच्या बिलापाशी पुसले जाते.

लांबीचा मुद्दा त्यामानाने सरळ होता. वैधमापन कायदा, २००९ च्या कलम ११ प्रमाणे जाहिरातीत, दरपत्रकात किंवा बिलात माप द्यायचे ते प्रमाणित एककातच द्यावे लागते. ‘नऊवारी’ हे नेसण्याच्या प्रकाराचे नाव म्हणून लिहायला हरकत नाही. ‘लांबी नऊ वार’ असे लिहिणे मात्र चालत नाही, तिथे मीटरच हवेत. वेष्टित वस्तूंच्या नियमांत २०१७ साली दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०१८ पासून ही माहिती ऑनलाइन पानावरही देणे बंधनकारक झाले: उत्पादक किंवा वेष्टनकर्त्याचे नाव-पत्ता, वस्तूचे सामान्य नाव, परिमाण, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क. मूळ देशाचा उल्लेखही पानावर असावा लागतो. या दुकानाच्या पानावर यांपैकी फक्त किंमत होती. मागावर कापड ताणलेले असते आणि उतरल्यावर थोडे आकसते, त्यामुळे विणकराने सांगितलेली लांबीही जशीच्या तशी लिहू नये. साडी घरी आल्यावर मोजून जे भरेल ते लिहावे, असे मी सुचवले. या साडीतील तूट मात्र आकसण्याने पडण्याइतकी लहान नव्हती. ती मुळातच आखूड विणलेली किंवा कापलेली होती.

माल परत घेणे आणि उत्तर देणे

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झाले. ‘आम्ही घरगुती आहोत, कंपनी नाही’ हा धाकट्या जाऊबाईंचा युक्तिवाद त्यापुढे टिकत नाही. नियमांनी सूट दिली आहे ती व्यक्तीने खासगीरीत्या केलेल्या, नियमित किंवा पद्धतशीर व्यवसायाचा भाग नसलेल्या व्यवहाराला. घरातली जुनी शिलाई मशीन विकणे त्यात बसते. दर महिन्याला साड्या विकणे बसत नाही, मग ते दिवाणखान्यातून का असेना.

या नियमांप्रमाणे माल सदोष असेल, उशिरा पोहोचला असेल किंवा पानावर जाहीर केलेल्या वैशिष्ट्यांशी जुळत नसेल, तर तो परत घेण्यास आणि पैसे देण्यास नकार देता येत नाही. स्वतःच्या संकेतस्थळावरून स्वतःचा माल विकणाऱ्यालाही हे लागू आहे आणि मार्केटप्लेसवरील विक्रेत्यालाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीने ते बंधन सुटत नाही. दुसरीकडे, लहान विक्रेत्यांच्या मनात जी उलट भीती असते तीही निराधार आहे. रंग नंतर आवडला नाही, बेत बदलला, एवढ्या कारणाने माल परत घेण्याची सक्ती आपल्या कायद्यात नाही. ते धोरण विक्रेता ठरवू शकतो, फक्त ते खरेदीपूर्वी स्पष्ट दिसले पाहिजे. हा फरक माहीत नसल्यामुळे सरसकट नकाराची पाटी लावली जाते आणि नेमक्या जुळत नसलेल्या मालाच्या वेळी ती अंगाशी येते.

आणि तरीही, माझ्या मते हे प्रकरण आयोगापर्यंत नेले ते साडीने नव्हे, अकरा दिवसांच्या मौनाने. नियमांप्रमाणे प्रत्येक दुकानाने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव, पद आणि संपर्क पानावर द्यायचा असतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि निवारण एका महिन्याच्या आत करायचे असते. घरगुती दुकानात हा अधिकारी म्हणजे घरातलीच एक व्यक्ती असू शकते, त्यासाठी नोकर ठेवावा लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत ‘काकू, निरोप मिळाला, साडीची लांबी आम्ही पडताळून पाहतो’ एवढे जरी गेले असते, तरी लग्नाला अवकाश होता, बदली साडी जाऊ शकली असती. ग्राहकबाईंचा पहिला निरोप किती सौम्य होता हे फाइलमध्ये वाचताना वारंवार जाणवते.

दुकानाचे नाव-गाव आणि इतर त्रुटी

तक्रारदाराला विरुद्ध पक्षाचा पत्ता कुरिअरच्या चिठ्ठीवरून शोधावा लागला, कारण संकेतस्थळावर ब्रँडचे नाव आणि एक मोबाइल क्रमांक याशिवाय काहीच नव्हते. कायदेशीर नाव, व्यवसायाचा मुख्य पत्ता, ईमेल आणि दूरध्वनी हे सारे ठळक दिसेल असे देणे नियमाने आवश्यक आहे. ९९ रुपयांच्या वेष्टनासमोरची आधीची खूण दोन ठिकाणी अडकते: ग्राहकाची संमती त्याने स्वतः कृती करून दिलेली असावी, आपोआप भरलेल्या खुणेने घेऊ नये, असे २०२० च्या नियमांत आहे, आणि ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ज्या तेरा फसव्या रचना सांगितल्या, त्यांत न मागितलेली वस्तू टोपलीत घालणे ही एक आहे. पुन्हापुन्हा सुरू होणारे घड्याळही त्यांतच, खोटी निकड म्हणून, येते. ‘फक्त २ नग शिल्लक’ ही ओळ मात्र खरी होती, नग दोनच होते, आणि तक्रारीत तिच्यावर घेतलेला आक्षेप आम्ही साठ्याची नोंद दाखवून खोडून काढला. खऱ्या माहितीला घाबरण्याचे कारण नसते.

संकेतस्थळावरील अभिप्रायांपैकी दोन घरातल्याच भाचीने ग्राहक म्हणून लिहिलेले होते. स्वतः किंवा दुसऱ्याकरवी ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय टाकण्यास नियमांत सरळ मनाई आहे. ते त्याच दिवशी काढायला सांगितले. ऑर्डर दिल्याबरोबर ग्राहकाचा क्रमांक नव्या साड्यांच्या प्रसारण यादीत घालण्याची सवयही बंद करवली. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, आणि पार्सल पाठवण्यासाठी दिलेला क्रमांक जाहिरातीसाठी वापरायचा तर वेगळी संमती घ्यावी, हे त्यांचे सूत्र आतापासूनच पाळणे शहाणपणाचे आहे.

कराची बाजू थोडक्यात सांगतो. मार्केटप्लेसवरील विक्रीसाठी थोरल्या जाऊबाईंच्या नावे जीएसटी नोंदणी होती. तिथे मंच, म्हणजे मार्केटप्लेस, ०.५ टक्के कर स्रोतापाशी गोळा करतो, त्यामुळे ती विक्री विवरणपत्रात आपोआप दिसते. स्वतःच्या संकेतस्थळाची विक्री दुसऱ्याच खात्यात, बिलाशिवाय जात होती. एकदा नोंदणी असली की दोन्हीकडची विक्री एकाच उलाढालीचा भाग असते, आणि महाराष्ट्रात गेलेल्या साडीवर आंतरराज्य कर लागतो. बिल न देणे ही ग्राहक कायद्यातही स्वतंत्र अनुचित प्रथा आहे. मागील काळाचा हिशेब काढून कर व्याजासह भरणे एवढाच मार्ग होता आणि तो त्यांनी स्वीकारला.

तडजोड आणि त्यानंतर

लेखी उत्तर मुदतीत गेले. त्यात लांबी आणि धाग्याबाबतची तफावत मान्य केली, शिल्लक नगांबाबतचा आक्षेप नाकारला आणि समेटाची तयारी दाखवली. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे आयोगाला तडजोडीची शक्यता दिसली तर तो पक्षांना पाच दिवसांत लेखी संमती देण्यास सांगून प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो. येथे तसेच झाले. साडीचे १२,८०० रुपये, वेष्टनाचे ९९ रुपये, दोन्ही बाजूंचा कुरिअरचा खर्च आणि ऐनवेळी करावी लागलेली धावपळ व मनस्ताप यांपोटी पाच हजार रुपये यावर समेट झाला. बोलणी संपताना थोरल्या जाऊबाई ग्राहकबाईंना म्हणाल्या की तुमच्या आईंनी धागा जाळून पाहिला तसा मीच पॅक करण्यापूर्वी पाहायला हवा होता. समेटाच्या मसुद्यात हे वाक्य नाही, पण त्यानंतर समोरच्या बाजूचा आवाज बदलला.

दुकानाची रचना त्यानंतर बदलली गेली. महेश्वरच्या विणकरांकडून आता बिलावर ताणा, बाणा, माग आणि लांबी लिहून घेतली जाते. एका विणकराने अधिकृत वापरकर्ता म्हणून असलेल्या आपल्या नोंदणीची प्रतही दिली. प्रत्येक साडी टेबलावर उलगडून फीतपट्टीने मोजली जाते आणि त्याचे छायाचित्र ऑर्डर क्रमांकासह जपून ठेवले जाते. परत घेण्याचे धोरण मराठीत आणि हिंदीत, दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहिले आहे: वर्णनाशी न जुळणारा माल केव्हा परत घेऊ, आणि केवळ न आवडलेला माल केव्हा बदलून देऊ. तक्रार निवारण अधिकारी म्हणून धाकट्या जाऊबाईंचे नाव लागले आहे. बाजारातून घेतलेला दुसरा नग ‘रेशीम-सुती साडी, लांबी ७.५ मीटर’ एवढ्याच वर्णनाने, महेश्वरी हे नाव न लावता, कमी किमतीला विकला गेला. हा निर्णय थोरल्या जाऊबाईंना जड गेला. त्यांच्या लेखी ती साडी महेश्वरचीच होती.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. मार्केटप्लेसवर साडीची नोंद करताना कापडाचा प्रकार ठरावीक यादीतून निवडावा लागतो, आणि त्या यादीत रेशमी ताणा-सुती बाणा असा पर्याय नाही. ‘शुद्ध रेशीम’ किंवा ‘सुती’ यांपैकीच एक निवडावे लागते. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वर्णन आणि छायाचित्र वस्तूशी जुळेल अशी हमी मंचाने विक्रेत्याकडून घ्यायची असते, म्हणजे यादी मंचाची असली तरी उत्तरदायित्व विक्रेत्याचे राहते. आम्ही मंचाकडे पर्याय वाढवण्याची लेखी मागणी केली असून तिची पोच जपून ठेवली आहे. तो बदल होईपर्यंत गर्भरेशमी साड्या मार्केटप्लेसवरून उतरवल्या आहेत आणि त्या फक्त स्वतःच्या संकेतस्थळावर विकल्या जात आहेत.